शेरा : ‘समजूत काढली’

आमच्या केंद्रात एक जाडजूड रजिस्टर आहे. कडा झिजलेलं, पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेलं. येणाऱ्या बाईचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण, तक्रार काय, कोणाच्या ओळखीनं आली असे रकाने त्यात आखलेले आहेत आणि अगदी उजवीकडं एक अरुंद रकाना आहे – ‘शेरा’. यंदा वार्षिक अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं, म्हणून एका रविवारी मी हे रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तक्रारीच्या रकान्यात मारहाण होती, दारू होती, संशय होता, पगार काढून घेणं होतं, रात्री मुलांसकट खोलीबाहेर काढणं होतं. प्रत्येकीचं दुखणं वेगळं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र पानामागून पान एकच गोष्ट : ‘समजूत काढली.’ ‘दोघांची समजूत घातली.’ ‘समजूत घालून घरी पाठवले.’ हस्ताक्षरं निरनिराळ्या कार्यकर्त्यांची, शब्द एकच. आणि त्यातलं कितीतरी ठिकाणचं अक्षर माझं होतं.

त्या दिवशी मला जे वाटलं त्याला लाज म्हणावं की संताप, हे अजून ठरवता आलेलं नाही. पण तेव्हापासून हा शब्द माझा पिच्छा सोडत नाही. मैत्रिणींनो, आपण सगळ्याजणी हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. म्हणून त्याच्याविषयी जे मनात आलं ते तुमच्यासमोर मांडते आहे.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्हाला ‘समुपदेशन’ हा शब्द शिकवला गेला. त्याची तत्त्वं पाठ करून मी परळ-लालबागच्या चाळींत काम करायला आले. चाळीच्या गॅलरीत समुपदेशन असं कोणी म्हणत नाही. सासू म्हणते, ‘ताई, आमच्या सुनेची जरा समजूत घाला.’ आई म्हणते, ‘तिची समजूत काढा नि पोहोचती करा तिच्या घरी.’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘आम्ही खूप समजूत घातली, पण ऐकायलाच तयार नाही.’ नीट ऐका. या तिन्ही वाक्यांत जिची समजूत घालायची आहे ती बाईच आहे. मार तिनं खाल्लेला आहे आणि समजूतही तिचीच घालायची आहे.

शब्द मोठा गमतीचा आहे. ‘समजूत घालणे’ आणि ‘समजूत काढणे’. घालणं म्हणजे आत टाकणं, काढणं म्हणजे बाहेर ओढणं. क्रियापदं एकमेकांच्या उलट, तरी बोलताना अर्थ जवळजवळ एकच. फरक शोधायचाच तर असा सांगता येईल की, समजूत घालताना काहीतरी पटवून द्यायचं असतं आणि समजूत काढताना रडणाऱ्याला, रुसलेल्याला शांत करायचं असतं. पहिल्यात युक्तिवाद जास्त, दुसऱ्यात माया जास्त. पण दोन्हींमागं एक गोष्ट धरून चाललेली असते. जिची समजूत घालायची तिला काहीतरी कळत नाहीये, शहाणपण आपल्यापाशी आहे आणि ते तिच्यात ओतायचं आहे. तिचं म्हणणं खरं असू शकेल, तिचा राग अगदी योग्य माणसावर असेल, ही शक्यता या शब्दात बसतच नाही.

‘घालणे’ या क्रियापदाची बाकीची भावंडंही आठवून पाहा. लग्न झालेल्या मुलीला आई सांगते, ‘जाऊ दे, पोटात घाल.’ घरातल्या कर्त्या पुरुषाच्या चुकांवर ‘पांघरूण घातलं’ जातं. आणि आपण मध्ये पडलो की नवरा म्हणतो, ‘आमच्या घरच्या भांडणात तुम्ही तोंड घालू नका.’ समजूत घाला, पोटात घाला, पांघरूण घाला, फक्त तोंड घालू नका. ‘काढणे’ही काही मागं नाही. समजूत काढायची, रुसवा काढायचा, कसेबसे दिवस काढायचे. आवाज मात्र काढायचा नाही.

आता लहान बाळाकडं येऊ. बाळ रडायला लागलं की आपण त्याला थोपटतो आणि म्हणतो, ‘उगी, उगी.’ यासारखा मायेचा शब्द मराठीत दुसरा नसेल. पण ‘उगा’ म्हणजे काय? उगा म्हणजे गप्प. ‘उगा राहा’ म्हणजे गप्प बस. आणि त्याचंच भावंड ‘उगाच’ म्हणजे काही कारण नसताना. आईच्या मांडीवर ऐकलेल्या पहिल्या धीराच्या शब्दातच गप्प बसण्याची आज्ञा आहे. बाळाच्या बाबतीत त्यात काही गैर नाही. आई उगी म्हणते आणि लगेच त्याला पाजते, लंगोट बघते, कुठं मुंगी चावली का पाहते. ती कारण शोधते. मोठ्या बाईला आपण उगी म्हणतो, तेव्हा कारण शोधायचं राहून जातं आणि ‘उगाच’ तेवढं शिल्लक राहतं. उगाच रडतेस, उगाच वाढवतेस, उगाच चार लोकांत तमाशा करतेस.

एकच भावना कोणाच्या मनात आहे यावर तिचं नाव बदलतं, हेही आपण रोज ऐकतो. पुरुषाला येतो तो राग. बायकोला येतो तो रुसवा. मुलीचा असतो तो हट्ट आणि म्हातारीची असते ती कटकट. राग असला की त्याला कारण विचारावं लागतं. रुसव्याला साडी, गजरा नाहीतर सिनेमाचं तिकीट पुरतं. वर्तमानपत्रात बायकोच्या खुनाची बातमी येते, तिच्यात ‘रागाच्या भरात’ आणि ‘किरकोळ कारणावरून’ हे शब्द हमखास असतात. त्याच्या रागाला भर असतो, ओघ असतो, जणू तो त्याच्या हातातच नसतो. तिच्या रागाला मात्र नेहमी आवर घालायचा असतो.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. एका बाईनं ते माझ्या पदरात घातलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते.

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारी तीनच्या सुमारास एक बाई केंद्रात आली. दादर स्टेशनजवळच्या एका पोळीभाजी केंद्रात ती पोळ्या लाटायची. छत्री मिटायचंही भान नव्हतं. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायका दचकून उभ्या राहिल्या. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘आधी शांत व्हा. रडू नका. आपण सगळं नीट बोलू.’ ती पुन्हा काहीतरी सांगायला गेली की मी पुन्हा म्हणायची, ‘आधी शांत व्हा.’ मला तसंच शिकवलेलं होतं. माणूस शांत झाल्याखेरीज विचार करू शकत नाही, असं माझं पक्कं मत होतं. दीड-दोन तासांत ती शांत झाली. आवाज खाली आला. मग तिनं सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी तिला कायद्याची माहिती दिली, पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. उठताना भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ती म्हणाली, ‘आता तो आला असेल घरी.’ त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. मी शेरा लिहिला : ‘समजूत काढली.’

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. आठ महिन्यांनी आली. त्या आठ महिन्यांत तिच्या डाव्या कानानं ऐकू येणं कमी झालं होतं. मी डावीकडं बसले होते, तर तिनं मला उठवून उजवीकडं बसायला सांगितलं. मग ती म्हणाली, ‘ताई, त्या दिवशी तो सहापर्यंत ड्युटीवर होता. मला माझं पासबुक आणि पोरांचे शाळेचे दाखले घरातून काढायचे होते आणि गिरगावात बहिणीकडं जायचं होतं. एकटीला जायची छाती होत नव्हती, सोबत कोणीतरी पाहिजे होतं. म्हणून धावत आले होते. तुम्ही माझी समजूत काढत बसलात. मला काय पाहिजे ते विचारलंतच नाही.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळं ते जास्त लागलं. त्या दुपारी ती विचार करू शकत नव्हती हे माझं गृहीत साफ चुकीचं होतं. तिनं सगळा विचार करून ठेवला होता : किती वाजेपर्यंत वेळ आहे, काय न्यायचं, कुठं जायचं. तो विचार पार पाडायला लागणारं बळ तिला रागातून मिळालं होतं. तेच मी मायेनं, थोपटून थोपटून काढून घेतलं. तिला मी शांत केलं आणि ज्या घरातून ती निघणार होती तिथं शांतपणे परत पाठवलं.

त्यानंतर मी चाळीत भांडण झालं की जरा लांब उभी राहून बघायला लागले. आपल्या चाळींत कुठलीच गोष्ट भिंतीआड राहत नाही. सामायिक गॅलरी, समोरासमोर दारं, एका मजल्यावरचं भांडण तीन मजले ऐकतात. लोक धावून येतात, हा चाळीचा मोठा गुण आहे आणि तो मी कधीच कमी लेखणार नाही. आज गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिलेत, तिथं बंद दाराआड काय चालतं हे शेजारच्या फ्लॅटलाही कळत नाही. पण धावून आलेले लोक काय करतात ते पाहा. मारणारा बहुतेक वेळा गप्प असतो. मारून झालं की तो बनियनवर गॅलरीत येऊन उभा राहतो, विडी पेटवतो, नाहीतर खाली निघून जातो. आवाज असतो तो बाईचा. आणि लोकांना थांबवायचा असतो तो आवाज. त्यामुळं सगळ्यांचा मोर्चा तिच्याकडं वळतो. ‘वहिनी, जाऊ द्या.’ ‘पोरं घाबरलीत, त्यांच्याकडं बघा.’ ‘भांड्याला भांडं लागायचंच.’ पाच मिनिटांत मजला शांत होतो आणि भांडण मिटलं असं म्हणून लोक आपापल्या खोल्यांत जातात. ‘मिटणे’ हाही शब्द बघण्यासारखा आहे. डोळे मिटतात, छत्री मिटते, तसंच भांडण मिटतं. आतलं सगळं आतच राहतं, फक्त दिसायचं बंद होतं.

पुनर्विकासानं यात नवी भर घातली आहे. इमारत पाडायची असते, संक्रमण शिबिरात जायचं असतं, भाड्याचा चेक नवऱ्याच्या नावानं निघत असतो. अशा वेळी बाईला सांगतात, ‘आता काही काढू नकोस. ताबा मिळेपर्यंत गप्प राहा.’ नव्या घराची किल्ली हातात यायला कितीही वर्षं लागोत, तोवर तिचं दुखणं लांबणीवर.

पोलीस ठाण्यात हाच शब्द वर्दी घालून भेटतो. तिथं दोन वेगळे शब्द आहेत. नवऱ्याला बोलावून ‘समज देतात’ आणि बाईची ‘समजूत घालतात’. समज द्यायला दोन मिनिटं लागतात. ‘काय रे, बायकोवर हात टाकतोस? पुन्हा तक्रार आली तर आत टाकीन.’ झालं. समजूत घालायला तासभर लागतो. ‘ताई, केस केलीत तर संसार मोडेल. पोरांच्या शाळेचं बघा. उद्या तोच बाहेर येईल, मग कुठं जाल?’ शेवटी एन.सी. लिहून घेतात. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा. कायद्यात त्याचा अर्थ एवढाच की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण मराठीत तो शब्द कानांना कसा लागतो पाहा. अदखलपात्र, म्हणजे दखल घ्यायला पात्र नसलेलं. अंगावरचे वळ दाखवणाऱ्या बाईच्या हातात तो कागद ठेवतात तेव्हा तिला कायद्यातला अर्थ कळत नाही, मराठीतला अर्थ मात्र बरोबर कळतो.

खरं तर नवऱ्याकडून आणि सासरकडून होणारी क्रूरता हा १९८३ पासून दखलपात्र गुन्हा आहे. तेव्हाचं कलम ४९८-अ आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. पण त्याच निकालात ज्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करता येईल त्यांच्या यादीत वैवाहिक आणि कौटुंबिक वाद घातले. चौकशीचा हेतू काहीही असो, समजूत घालायला एक खिडकी उघडी राहिली.

त्यानंतर ही खिडकी रुंदावतच गेली. जुलै २०१७ मध्ये राजेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की, ४९८-अ च्या तक्रारी आधी जिल्ह्यातल्या कुटुंब कल्याण समितीकडं जाव्यात आणि तिचा अहवाल येईपर्यंत सहसा अटक होऊ नये. स्त्री-संघटनांनी याला विरोध केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्या समित्यांचा भाग रद्द केला. आपण सुटकेचा श्वास टाकला. पण २०२२ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं अशाच समित्या आणि त्यांच्यासोबत दोन महिन्यांचा ‘कूलिंग पीरियड’ आणला. २२ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात त्या सूचना उचलून धरल्या. कूलिंग पीरियड म्हणजे थंड होण्याचा काळ. थंड कोणी व्हायचं? गुन्हा नोंदवल्यानंतर दोन महिने अटक नाही, प्रकरण समितीपुढं. चाळीच्या गॅलरीत काकू जे म्हणतात तेच न्यायालयाच्या भाषेत आलं : आधी शांत व्हा.

याला आधार म्हणून खोट्या केसेसचा मुद्दा नेहमी पुढं केला जातो. खोटी तक्रार कोणत्याच कायद्याखाली होत नाही असं मी म्हणणार नाही. पण आपल्या देशात बाया उठसूट तक्रारी करतात हे चित्र तरी खरं आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाकडं मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. शंभरातल्या सत्त्याहत्तर जणींची समजूत आधीच कोणीतरी घालून ठेवलेली आहे. बहुतेक वेळा त्यांची त्यांनीच.

आता दुसरी बाजू. हे सगळं मी बैठकीत मांडलं तेव्हा आमची एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, ‘तू म्हणतेस ते ठीक. पण आपल्याकडं येणाऱ्या दहा बायकांतल्या कितीजणींना केस हवी असते?’ तिचं म्हणणं मला टाळता येत नाही. बाया स्वतःच म्हणतात, ‘ताई, मला केस नको, त्याला फक्त समज द्या.’ त्यांना दोष देणं सोपं आहे. लालबागमधली दहा बाय बाराची खोली सासऱ्याच्या नावावर, बाहेर भाड्याची खोली घ्यायची तर डिपॉझिट कुठून आणायचं, माहेरी भावाचा संसार तितक्याच खोलीत. अशा बाईला ‘तू का सोसतेस?’ असं विचारणं हाही अडाणीपणाच. तडजोड तिनं केली तर ती कशातून करते हे आपण जाणतो. म्हणून बोलणी, मध्यस्थी, तडजोड हे सगळं वाईट आणि केस तेवढी चांगली, असं माझं म्हणणं नाही. राज्य सरकारनं २०१४ साली परिपत्रक काढून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय अशा प्रकरणांत दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करण्याला अटकाव केला, तेव्हा आपल्या चळवळीतच दोन मतं पडली होती. काहीजणी म्हणाल्या, बरं झालं, समजुतीच्या नावाखाली बाईला परत ढकलणं तरी थांबेल. काहीजणी म्हणाल्या, जिला बोलूनच मार्ग काढायचा आहे तिचं दारच बंद झालं. दोघींचंही म्हणणं अनुभवातून आलं होतं.

माझ्या मते प्रश्न बोलणी करावीत की नाहीत हा नाही. बोलणी कशावर होतात हा आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतला चौदावा नियम आपण सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. समुपदेशनाच्या वेळी नवऱ्यानं आपल्या मारहाणीचं कोणतंही समर्थन करायचं नाही आणि ही गोष्ट बोलणी सुरू होण्याआधीच त्याला सांगायची, असं त्यात म्हटलं आहे. पुन्हा हिंसा करणार नाही असं त्यानं लिहून द्यायचं. आणि समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची तशी इच्छा असेल तर. म्हणजे ‘ती उलट बोलली’, ‘जेवण वेळेवर नव्हतं’, ‘मोबाईलवर बोलत होती’ यातलं काहीही टेबलावर येता कामा नये. आपल्या किती केंद्रांत हा नियम पाळला जातो? माझ्यापुरतं सांगते, कित्येक वर्षं मीच नवऱ्याला विचारत आले, ‘का मारलंत?’ त्या एका ‘का’नं त्याच्या समर्थनाला मी खुर्ची देत होते. त्याच कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिचा हा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. खोलीबाहेर काढलेल्या बाईला समजुतीच्या चार शब्दांआधी ही माहिती मिळायला हवी.

परळमध्ये माझ्या ओळखीच्या एक आजी होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढं संप चिघळला, घराघरांत चुली थंडावल्या, तेव्हा या आजी खानावळ चालवून घर ओढत होत्या. त्यांच्या मजल्यावर कोणा बाईला मार बसला की त्या कधी ‘उगी’ म्हणायच्या नाहीत. आपला स्टोव्ह घेऊन तिच्या दारात जायच्या, तिथंच चहा टाकायच्या आणि उंबऱ्यावर बसायच्या. बाईला रडू द्यायच्या, बोलू द्यायच्या. नवऱ्याला आत जायचं असेल तर त्यांना ओलांडून जावं लागे. मी एकदा विचारलं, ‘आजी, तुम्ही काय बोलता तिच्याशी?’ त्या म्हणाल्या, ‘बोलायचं काय? बाईला उगी करायचं नसतं गं, तिच्यापाशी बसायचं असतं. बसलं की तिचं तिलाच सुचतं.’ मला दोन वर्षं लावून शिकवलेलं सगळं समुपदेशन त्या उंबऱ्यावर होतं.

आजी जे करायच्या त्याला मराठीत शब्द नाही असं नाही. ‘धीर देणे’ हा शब्द आहे. समजूत घालायची ती दुसऱ्यात. धीर मात्र द्यायचा असतो, आणि देण्यासाठी तो आधी आपल्यापाशी असावा लागतो. धीर दिलेली बाई गप्प होते असं नाही. उलट ती बोलायला लागते. दुसरा शब्द ‘दिलासा’. फारसीतून आलेला, हृदयाशी नातं सांगणारा. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास हिंसाग्रस्त बायांसाठी जे केंद्र सुरू केलं त्याचं नाव ‘दिलासा’ ठेवलं. पुढं महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते काम पोहोचलं. ‘पाय घसरून पडले’ असं सांगणाऱ्या बाईच्या जखमेकडं डॉक्टरनं आणि परिचारिकेनं नीट बघावं, विचारावं, कागदावर नोंद करावी, ही त्यामागची कल्पना. तिथला दिलासा कोरडा नाही. त्याच्यासोबत तपासणी आहे, नोंद आहे आणि पुढं न्यायालयात उभा राहणारा कागद आहे.

रजिस्टर वाचून झाल्यावर आम्ही काय केलं ते सांगून थांबते. शेऱ्याचा रकाना आम्ही काढून टाकला. त्याच्या जागी तीन रकाने आखले. पहिला – ‘तिला आज काय हवं आहे?’ दुसरा – ‘कोणी काय कबूल केलं?’ तिसरा – ‘आपण काय करणार, कधी?’ पहिला रकाना भरल्याशिवाय पाणीसुद्धा पुढं करायचं नाही, असं एक कार्यकर्ती चेष्टेनं म्हणते. पाणी आम्ही अर्थातच देतो. पाठीवर हातही ठेवतो. पण ‘आधी शांत व्हा’ म्हणत नाही. ‘सांगा’ म्हणतो. सुरुवातीला फार जड गेलं. मोठ्यानं बोलणाऱ्या बाईसमोर गप्प बसून ऐकणं हे शांत करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. तिचा राग ऐकताना आपल्यालाच भीती वाटते, आणि खरं म्हणजे पुष्कळदा आपण तिची नाही, आपलीच समजूत काढत असतो, हेही तेव्हा लक्षात आलं.

ती पोळ्या लाटणारी बाई आता बहिणीजवळच गिरगावात एका खोलीत राहते. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघीजणी तिच्याबरोबर गेलो आणि पासबुक, दाखले, मशीन, सगळं घेऊन आलो. जायला वीस मिनिटं लागली. कानाचं मात्र जे गेलं ते गेलं.

‘समजूत’ या शब्दाच्या घरातच ‘समजून घेणे’ हाही शब्द राहतो. आपल्या कामाला तो जास्त शोभेल. तुमच्या गटाकडंही असं एखादं रजिस्टर असेल. एकदा त्यातला शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचून पाहा, आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.